श्वास अडवणारा मास्क लावून वजनं उचलायची आहेत? सुरुवात करण्याआधी हे वाचा

मागच्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी स्क्वॅटचा (खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांचा) तिसरा सेट संपवून मी बार रॅकवर ठेवला आणि डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख यायला लागला. रॅकचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. समोरच्या आरशातला माझाच चेहरा लांब गेल्यासारखा दिसत होता आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सूं-सूं आवाज कानात घुमत होता. आमचे ट्रेनर धावत आले. "मॅडम, आधी मास्क काढा आणि खाली बसा." त्यांनीच मागचा पट्टा ओढून मास्क काढला. गुडघ्यांत डोकं घालून दोन मिनिटं बसल्यावर मला बरं वाटलं.

बारवर ४५ किलो होते, आणि तेवढं वजन मी आठ महिने उचलत होते. त्या दिवशी नवा होता तो फक्त मास्क. मे महिन्यात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरला होता, बेस कॅम्पची उंची ५,३६४ मीटर, म्हणजे सुमारे १७,६०० फूट, आणि मास्कच्या झडपांवर ३,००० फुटांपासून १८,००० फुटांपर्यंतच्या उंचीचे आकडे छापलेले. पुण्यात राहून बेस कॅम्पची सवय होईल या भरवशावर मी तो घेतला.

त्यानंतर तपासण्या केल्या, डॉक्टरांना भंडावून सोडलं, तीन महिने वही ठेवली. ट्रेकला जाणारे, पोलीस भरतीची तयारी करणारे, दम वाढवायचा म्हणून मास्क घेणारे बरेच जण मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. मास्क म्हणजे उंची नव्हे, हे आधी समजून घ्या

हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण पुण्यात २०.९ टक्के असतं आणि लेहमध्येही तेवढंच असतं. वर गेल्यावर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो, साधारण ५,५०० मीटरवर त्याच्या निम्मा होतो. दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी.

मास्क हवेचा दाब बदलू शकत नाही. तो फक्त हवा आत यायची वाट अरुंद करतो. नळ आवळला की धार बारीक होते, पाणी पातळ होत नाही; तसंच हे. झडपेवर १८,००० फूट लिहिलेलं असलं तरी तुमच्या फुप्फुसांत येणारी हवा पुण्याचीच असते.

उंचीवर राहिल्याने रक्तात बदल होतो तो वेगळ्या वाटेने. रक्तातला ऑक्सिजन सतत कमी राहिला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. म्हणून धावपटू २,००० ते २,५०० मीटरवर तीन-चार आठवडे मुक्कामच करतात. दिवसरात्र तिथे राहिल्याशिवाय ते होत नाही. जिममधली ४० मिनिटं त्याला पुरत नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात काहींनी मास्क लावून आणि काहींनी मास्कशिवाय सहा आठवडे सायकलवर जोरदार सराव केला. दोन्ही गटांची क्षमता वाढली, पण मास्कवाल्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये काही फरक पडला नाही. धाप लागायला सुरुवात होण्याचा टप्पा मात्र मास्कवाल्यांमध्ये थोडा पुढे सरकला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे मास्क अगदीच निरुपयोगी नाही, पण त्याचा जो काही उपयोग आहे तो श्वासाच्या स्नायूंना आहे, रक्ताला नाही.

२. छातीत काय घडतं

हा भाग घाईत वाचू नका. पुढच्या सगळ्या सूचना यातूनच आल्या आहेत.

आधी एक करून पाहा. खुर्चीत निवांत बसा, अंगठ्याच्या रेषेत मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधा. आता पाच आकडे मोजत खोल श्वास घ्या आणि पाच आकडे मोजत सोडा. बहुतेकांना श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना संथ झालेली बोटांना कळते. तरुणांमध्ये जास्त, वय वाढेल तशी कमी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नुसता श्वास नाडीला इतका हलवतो याचं मला नवल वाटलं होतं.

याचं कारण जागेत आहे. हृदय छातीच्या पेटीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये बसलेलं आहे. पेटीतला दाब बदलला की हृदयात येणारं आणि हृदयातून जाणारं रक्तही बदलतं. श्वास घेताना छातीतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि त्या ओढीने पोटातल्या व पायांतल्या शिरांमधलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडे जास्त येतं. मास्कची झडप आवळलेली असली की तेवढीच हवा घ्यायला छाती जास्त जोराने ओढते. उजवीकडे आणखी रक्त येतं, आणि डाव्या कप्प्याला मात्र रक्त छातीबाहेर ढकलताना त्या ओढीविरुद्ध काम करावं लागतं. निरोगी हृदयाला चालताना किंवा सायकलवर हे झेपतं.

वजन उचलताना याच्या नेमकं उलट घडतं. जड बार उचलताना आपण नकळत घसा बंद करतो, पोट आवळतो आणि कुंथतो. याला व्हाल्साल्व्हा म्हणतात. त्या क्षणी छातीतला दाब एकदम वाढतो, आवळलेले स्नायू रक्तवाहिन्यांना दाबून धरतात आणि रक्तदाब उसळतो. किती, तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शरीरसौष्ठवपटूंच्या हातातल्या धमनीत नळी घालून तो प्रत्यक्ष मोजला होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना (बसून पायांनी वजन ढकलताना) सरासरी आकडा ३२०/२५० आला, आणि एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे काही सेकंदांचं असतं, आणि धडधाकट माणसाच्या रक्तवाहिन्या ते सहन करतात. पण घरी मशीनवर १३० दिसला तरी आपण दचकतो, त्यापुढे हे आकडे ठेवून पाहा.

कुंथलेलं असेपर्यंत छातीकडे परतणारं रक्त अडलेलं असतं, म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं. मग बार रॅकवर जातो आणि आपण "हुश्श" करून श्वास सोडतो. छातीतला दाब पडतो, आवळलेल्या मांड्या सैल होतात, तिथल्या वाहिन्या उघडतात, आणि रक्तदाब काही सेकंद झपकन खाली येतो. डोक्याला रक्त कमी पडतं. काळोख येतो तो इथे. वजन खांद्यावर असताना सगळं ठीक वाटतं आणि ठेवल्यावर भोवळ येते, त्याचं कारण हेच.

आता या सेकंदांत मास्क घाला. शरीराला मोठे, भराभर श्वास हवे असतात. झडप ते देत नाही. सोडलेल्या हवेतली थोडी मास्कच्या पोकळीत उरते आणि पुढच्या श्वासात परत आत जाते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, नाडी खाली यायला वेळ लागतो. शिवाय श्वासाचे स्नायू थकले की शरीर त्यांना रक्त पुरवण्यासाठी पायांच्या वाहिन्या आवळतं. सायकलपटूंवर १९९७ साली झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं: श्वासाचं काम वाढवलं की पायांकडे जाणारं रक्त कमी होतं.

आणि ट्रेनरांनी मोबाईलवर काढलेला माझा व्हिडिओ पाहिल्यावर माझ्या लक्षात आलेली गोष्ट. मास्कशिवाय मी प्रत्येक रेपला (एकदा खाली जाऊन वर येणं म्हणजे एक रेप) वर येताना श्वास सोडत होते. मास्क लावल्यावर श्वास घेणं इतकं कष्टाचं झालं की मी दोन-दोन, तीन-तीन रेप एकाच श्वासात उरकत होते. मला ते कळलंही नव्हतं. श्वासाचा सराव करायला घेतलेल्या वस्तूने मला श्वास धरायला लावलं होतं. नवख्या माणसाच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा धोका हा वाटतो.

३. कोणी मास्क लावूच नये

रक्तदाब १६०/१०० च्या वर असेल आणि ताब्यात नसेल तर मास्क सोडाच, वजनांचा व्यायामही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. १८०/११० च्या वर असेल तर अजिबात नको. हृदयविकार, ठोक्यांची अनियमितता, हृदयाच्या झडपेचा दोष, महाधमनीला फुगवटा, दमा, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार, नुकतंच झालेलं हर्नियाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन, गरोदरपण, ॲनिमिया यांपैकी काहीही असेल तर मास्कचा विचार सोडून द्या. कोंडलेल्या जागेत जीव घाबरत असेल तरीही. घरात कोणी कमी वयात अचानक हृदयाच्या कारणाने गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे अशा गोष्टी सांगायला लोक संकोचतात.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यायचं:

- सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे बीपीचे आकडे, तारखेसह
- हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट (आपल्याकडच्या बायकांनी हा टाळू नये)
- जुना ईसीजी असेल तर तो. नसेल तर नवा काढावा लागेल
- चालू गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि जिमच्या पावडरींसकट
- मास्क स्वतः

शेवटचं वाचून हसू नका. मी मास्क टेबलावर ठेवला तेव्हा डॉक्टरांनी तो स्वतःच्या तोंडाला धरून पाहिला आणि मगच बोलायला लागले. नुसतं सांगून त्यांना तो कोरोनातल्या कापडी मास्कसारखा वाटला असता.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते. मग नाडीच्या आकड्यावरून किती ताण पडतोय ते कळत नाही. हेही विचारून घ्या.

४. सामान

दंडावर बांधायचं बीपीचं मशीन. मनगटावरचं नको. मी बाबांचंच वापरलं. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनापासून बहुतेक घरांत पडून आहे, त्याचे सेल बदला. एक वही, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, आणि शेजारी उभं राहणारं माणूस. यातलं माणूस नसेल तर त्या दिवशी मास्क लावायचा नाही.

५. पहिले दोन आठवडे मास्कशिवाय

हे कोणालाच आवडत नाही, पण तुमचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर बदललेला आकडा कसा ओळखणार? प्रत्येक व्यायामाला सेट संपल्या संपल्या नाडी आणि एक मिनिटाने परत नाडी, एवढंच लिहा.

याच दोन आठवड्यांत श्वासाची लय बसवा. वजन खाली येताना नाकाने घ्या, वर ढकलताना ओठांचा चंबू करून फुंकर मारल्यासारखा सोडा. मोठ्याने सोडा, शेजारच्याला ऐकू गेला पाहिजे. जोर-बैठका मारणाऱ्या जुन्या पैलवानांचा "हुं… हुं…" आठवा. तालमीत दमसास म्हणतात तो असा, मोजून घेतलेल्या आणि मोजून सोडलेल्या श्वासाचा असतो. ज्या वजनाला ही लय तुटते ते वजन मास्कसाठी जड आहे असं समजा.

६. मास्कची ओळख

पहिले तीन दिवस फक्त बसून, सगळ्या झडपा उघड्या ठेवून, पाच मिनिटं. पुढचे तीन दिवस सपाटीवर चालताना दहा मिनिटं. मास्क एका हाताने, न बघता, दोन सेकंदांत काढता आला पाहिजे. हा सराव वेगळा करा. केस बांधलेले असतील तर पट्टा अंबाड्यात अडकतो. माझा त्या दिवशी तसाच अडकला होता.

झडप आवळायची घाई नको. मी पहिल्याच आठवड्यात ९,००० फुटांच्या खुणेवर गेले, ते चुकलं.

७. वजनांबरोबर: काय चालेल, काय नाही

मास्क लावून बेंच प्रेस कधीच नाही. आडवं पडलेलं, बार गळ्यावर, आणि डोकं गरगरलं तर हात सोडायलाही जागा नाही. जड स्क्वॅट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), लेग प्रेस, डोक्यावर बार नेणारे व्यायामही नाहीत. या सगळ्यांत माणूस कुंथतोच. वजनं उचलणाऱ्यांवर मास्कचा परिणाम पाहणारा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मास्क लावल्यावर बार ढकलण्याचा वेग कमी झाला, आणि लक्ष व तरतरीही कमी वाटते असं लोकांनी सांगितलं. ताकद वाढवायची असेल तर वेग आणि लक्ष दोन्ही हवं, म्हणून जड सेटला मास्क लावून पदरात काय पडतं हे मला अजून समजलेलं नाही.

चालेल ते एवढं: हलके डंबेल, बसून किंवा उभ्याने; केबल रो (मशीनची केबल पोटाकडे ओढणं); शरीराच्या वजनाच्या बैठका; पायरीवर चढ-उतार. एका सेटला १२ ते १५ रेप सहज होतील असं वजन, आणि शेवटच्या रेपनंतरही चार-पाच हातात शिल्लक हवेत. सेट झाला की मास्क खाली ओढा आणि दोन मिनिटं मोकळा श्वास घ्या. उभ्याउभ्या थिजू नका, जागच्या जागी पाय हलवत राहा. पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात आणि भोवळ टळते. आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी १५ मिनिटं. त्यापेक्षा जास्त मी कोणालाच सांगणार नाही.

पुढचं काहीही जाणवलं तर मास्क लगेच काढून खाली बसायचं: डोळ्यांपुढे काळोख, छातीत दाबल्यासारखं, जबडा किंवा डावा हात दुखणं, ठोका चुकल्यासारखं वाटणं, एकदम उठलेली डोकेदुखी, ओठ किंवा नखं निळसर. छातीतलं दुखणं बसल्यावरही थांबत नसेल तर ॲसिडिटी समजून सोडा-लिंबू पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

८. मोजताना होणाऱ्या चुका

ऑक्सिमीटर सेट चालू असताना लावून उपयोग नाही. डंबेल घट्ट धरलेल्या मुठीत बोटांचं रक्त दबलेलं असतं, आकडा काहीही येतो. सेट संपल्यावर हात मांडीवर ठेवा, बोट ऊबदार करा, आकडा स्थिर व्हायला अर्धं मिनिट द्या. गडद नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. माझा आकडा मास्कने एखाद-दोन अंशांनीच खाली जायचा, आणि तिथेच मी फसले होते. ऑक्सिजन ९६ म्हणजे सगळं ठीक, असं वाटायचं. पण कार्बन डायऑक्साइड किती वाढला आणि छातीतला दाब किती झाला, यातलं काहीच ते यंत्र दाखवत नाही.

बीपी सेटच्या मधे मोजू नका, घरगुती मशीनला ते पकडताच येत नाही. व्यायामाआधी पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून एकदा, आणि व्यायाम संपल्यावर १५ मिनिटांनी एकदा. नंतरचा आकडा आधीच्यापेक्षा थोडा कमी असणं हे नेहमीचं आहे. तो वरच राहत असेल, सलग दोन-तीन वेळा, तर मास्क थांबवा आणि वही डॉक्टरांना दाखवा.

नाडीकडे मी सर्वांत जास्त लक्ष देते. माझ्या वहीत त्याच डंबेलला, तेवढ्याच रेपला, एक मिनिटानंतरची नाडी मास्कशिवाय ९८ ते १०४ आणि मास्कसह ११० च्या वर. शरीर सावरायला घेत असलेला जास्तीचा वेळ असा आकड्यात दिसतो.

९. आणखी काही खाचखळगे

उपास असेल त्या दिवशी मास्क नको. चहा-कॉफीवर चहा-कॉफी आणि वर प्री-वर्कआउट पावडर घेऊनही नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा बंद असलेल्या जिममध्ये शरीर आधीच त्वचेकडे रक्त पाठवत असतं, त्यात ही भर घालू नका. ताप, सर्दी, कफ असताना नाही. मास्क दुसऱ्याला देऊ नका, रोज साबणाने धुवा, झडपा सुट्या करून वाळवा. घामाने भिजलेलं कापड हवा आणखी अडवतं आणि तुम्हाला वाटतं आज दम कमी पडतोय.

मित्राने १५,००० फुटांची झडप लावली म्हणून तुम्ही लावू नका, एवढं मुद्दाम सांगते. जिममध्ये कॉलेजची मुलं हे पैज लावून करतात आणि मला पाहवत नाही.

१०. श्वासाचे स्नायूच बळकट करायचे असतील तर

मग ते वजनांपासून वेगळं, बसून करा. श्वास घेताना अडथळा देणारं हातात धरायचं छोटं उपकरण मिळतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या, रक्तदाब वरच्या बाजूला असलेल्या लोकांनी अशा उपकरणावर जोरकस ३० श्वास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे घेतले. वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला. रोजची पाच-दहा मिनिटं, डोक्यावर वजन नाही, पडायची भीती नाही. हेही डॉक्टरांना विचारूनच.

आणि ट्रेकची तयारी करणाऱ्यांनो, उंचीची सवय उंचीवरच होते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आमच्या गटाने बेस कॅम्पच्या वाटेवरच्या नामचे बाजार आणि दिंगबोचे या गावांत थांबून हेच पाळलं. पुण्यात मी मार्चपासून दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड चढले, मास्कशिवाय, पुण्याची पूर्ण हवा छातीत भरून घेत.

मास्क आता माझ्या जिमच्या बॅगेत खालच्या कप्प्यात असतो. गुरुवारी पायरीवरच्या चढ-उताराला १५ मिनिटं, सगळ्या झडपा उघड्या ठेवून लावते, कधी कधी तेही नाही. स्क्वॅट ५५ किलोवर आलाय. वर येताना सोडलेला श्वास ट्रेनरांना पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू जातो, आणि नाही गेला तर ते तिथूनच ओरडतात, "मॅडम, श्वास!"